गाय माता, मग तिचा डॉक्टर 'ढोर डॉक्टर' का?



आपल्याकडे एक शब्द फार सहज तोंडात येतो. ढोर डॉक्टर. नीटची परीक्षा द्यायची, साडेपाच वर्षं शिकायचं, माणसाच्या डॉक्टरला एकाच प्राण्याचं शरीर शिकावं लागतं तिथे गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, घोडा, कोंबडी अशा सगळ्यांची शरीरं पाठ करायची, आणि शेवटी लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्या मामाने विचारायचं, "म्हणजे डॉक्टर माणसाईचा का ढोराईचा?" सगळे हसतात. मुलगाही ओशाळून हसतो.

आम्हाला हे हसणं तपासायचं आहे. ज्या देशात गाईला माता म्हणतात, तिच्या नावावर माणसं मारतात, तिच्या नावावर सरकारं निवडून येतात, त्या देशात त्याच गाईच्या पोटात हात घालून अडलेलं वासरू काढणाऱ्या डॉक्टरचा पेशा चेष्टेचा विषय का आहे? माता एवढी पवित्र, तर मातेचा डॉक्टर हलका कसा?

उत्तर त्या शब्दातच आहे. 'ढोर' हा शब्द गुरांसाठी वापरतात, आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत ढोर या नावाची जातसुद्धा आहे. कातडं कमावणारी जात. जनावराच्या शरीराशी ज्याचं काम, त्याला जनावराचंच नाव. ब्राह्मणी व्यवस्थेने जनावराचे दोन भाग केले. दूध, तूप, पूजा, शेपटीला हात लावून मोक्ष हा एक भाग, तो वरच्यांचा. शेण, रक्त, जार, कातडं, मढं हा दुसरा भाग, तो खालच्यांचा. पशुवैद्यकाचा गुन्हा एवढाच की तो शिकलेला असूनही दुसऱ्या भागात हात घालतो. म्हणून तो कोणत्याही जातीचा असला तरी त्याच्या पेशाला त्या जुन्या विटाळाचा वास येतो. आणि तो आपल्यातला असला तर मग विचारायलाच नको.

नागपूरच्या भूमीवर हा हिशोब आधीच झाला आहे

ज्यांना वाटतं की गुरांचा विषय आंबेडकरी चळवळीच्या बाहेरचा आहे, त्यांनी 15 ऑक्टोबर 1956 चं बाबासाहेबांचं नागपूरचं भाषण पुन्हा वाचावं. धम्मदीक्षा आदल्या दिवशी झाली होती. लाखो लोक समोर होते. त्या ऐतिहासिक भाषणात बाबासाहेब मेलेल्या गुरांवर बोलले. महारांनी मेलेली गुरं ओढणं सोडलं तर त्यांचं केवढं नुकसान होईल, याचा हिशोब 'केसरी'त कोणीतरी मांडला होता. कातडं, शिंगं, हाडं, खुरं यांचे पैसे मोजून दाखवले होते. बाबासाहेबांनी त्याला रोखठोक उत्तर दिलं. एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच घ्या, ओढा तुमची गुरं, वर आमच्या पदरचे पैसे देतो! मुद्दा पैशाचा नव्हता, इज्जतीचा होता.

त्याच्या एकोणतीस वर्षं आधी, मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत मेलेली गुरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडण्याची हाक दिली गेली. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाच्या जाचाविरुद्ध विधेयक मांडलं. 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाच्या प्रश्नाशी जोडून दाखवलं. म्हणजे गाय, तिचं मढं आणि त्याला हात लावणारा माणूस हा आपल्या मुक्तीच्या लढ्याचा अगदी मधला प्रश्न राहिला आहे. जुलै 2016 मध्ये गुजरातच्या ऊना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं, तेव्हा तोच प्रश्न मोबाईलच्या पडद्यावर सगळ्या देशाने पाहिला.

आता प्रश्न येतो, आणि तो आपल्यातलेच काही तरुण विचारतात. "बाबासाहेबांनी गुरांपासून सोडवलं, आणि आमचीच पोरं परत गुरांच्याच कामाला लागली. हे कसलं परिवर्तन?"

साथींनो, हा प्रश्न वरवर कडक वाटतो, पण आतून पोकळ आहे. बाबासाहेबांनी जनावर सोडायला सांगितलं नव्हतं, गुलामी सोडायला सांगितलं होतं. जन्माने लादलेलं, मोबदल्याविना केलेलं, नाही म्हणायची सोय नसलेलं काम म्हणजे गुलामी. निवडून घेतलेलं, शिकून मिळवलेलं, पगाराचं, कायद्याने नोंदणी असलेलं काम म्हणजे व्यवसाय. हाताला लागलेलं रक्त दोन्हीकडे सारखंच असेल, पण एका हातामागे वतन आहे आणि दुसऱ्या हातामागे विज्ञान. आपल्या घरात पशुवैद्यक होणं म्हणजे ज्या ज्ञानापासून आपल्याला दूर ठेवलं ते हिसकावून घेणं आहे. आजोबा मेलेलं ढोर ओढत होते आणि नात जिवंत ढोर वाचवते, यापेक्षा मोठी धम्मक्रांती कोणती?

पण इथेच एक धोका आहे आणि तो आम्हाला जोराने सांगायचा आहे. व्यवसायातून निवड काढून घेतली, मोबदला मारला, सुरक्षा काढली आणि वर अपमान ठेवला, तर व्यवसायाचं परत वतन होतं. आज पशुवैद्यकांच्या बाबतीत नेमकं हेच घडवलं जात आहे.

दारात डॉक्टर उभा, सरकार गायब

नागपूरला सेमिनरी हिल्सवर 1958 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, म्हणजे 'माफसू'चं मुख्यालयही 2000 सालापासून याच शहरात आहे. अख्ख्या राज्याचे जनावरांचे डॉक्टर कसे घडवायचे ते नागपुरातून ठरतं. इथून बाहेर पडलेला डॉक्टर काटोल, नरखेड, उमरेड, भिवापूर, कुही, रामटेकच्या एखाद्या दवाखान्यात जातो आणि पुढचं आयुष्य कसं असतं ते ऐका.

राष्ट्रीय कृषी आयोगाने 1976 मध्येच सांगितलं होतं की साधारण पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक हवा. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात तीन कोटी तीस लाखांच्या आसपास पशुधन मोजलं गेलं. शेजारच्या दवाखान्यातलं पद रिकामं, म्हणून त्याचा अतिरिक्त कार्यभार यांच्याकडे. गावं वाढतात, डॉक्टर तोच. दवाखान्यात औषध नाही म्हणून चिठ्ठी लिहून द्यावी लागते, की लगेच गावात बोलणं सुरू, "डाक्टर मेडिकलवाल्याले मिळेल हाये." आधी खासगी माणसाने तीन सुया टोचलेल्या असतात, जनावर शेवटच्या घटका मोजत असतं, मग डॉक्टरला फोन. डॉक्टर पोचतो, सलाईन लावतो, बैल मरतो. आणि गावभर एकच वाक्य फिरतं, "डाक्टरनं सुई देल्ली अन् बैल मेला."

शेतकऱ्याला आम्ही शत्रू मानत नाही. विदर्भातल्या कोरडवाहू कापूसवाल्यासाठी बैलजोडी म्हणजे ट्रॅक्टर, बँक आणि विमा सगळं एकत्र. पेरणीच्या तोंडावर बैल गेला तर त्याचं वर्ष जातं. तो ओरडणारच. पण तो ओरडतो कोणावर? ज्याने पद भरलं नाही त्या मंत्र्यावर नाही, ज्याने औषध पाठवलं नाही त्या कार्यालयावर नाही. समोर गोठ्यात उभा असलेला डॉक्टर हाच त्याला दिसणारा एकमेव सरकार. दोघेही सोडून दिलेले, आणि दोघांनाच एकमेकांच्या अंगावर घातलेलं.

2022 सालचा लंपीचा उद्रेक आठवा. राज्यात कोटीहून अधिक गाई-बैलांना लस टोचली गेली. ती मंत्रालयातून टोचली गेली नाही. पशुवैद्यक, पर्यवेक्षक, आंतरवासिता करणारे विद्यार्थी दिवसरात्र गोठे फिरले. सरकारने मरणाची भरपाई जाहीर केली: दुधाळ गाईला 30 हजार, ओढकामाच्या बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. चांगलं झालं. पण त्या प्रत्येक पैशासाठी पंचनामा आणि दाखला लागतो आणि त्यावर सही डॉक्टरची. मग दबाव येतो. हे जनावर लंपीनेच मेलं असं लिहा. विम्याचा बिल्ला कानात नव्हता तरी होता असं लिहा. लिहिलं तर चौकशी, नाही लिहिलं तर पुढाऱ्याचा फोन. यात गोरक्षकांची भर. गाडी अडवायची, जनावरं उतरवायची आणि रात्री दोन वाजता डॉक्टरला बोलावून आपल्याला हवा तसा दाखला मागायचा. जुलै 2017 मध्ये आपल्याच नरखेड तालुक्यातल्या भारसिंगीत गोमांसाच्या संशयावरून एका माणसाला भर रस्त्यात मारहाण झाली. अशा वातावरणात जनावराच्या कागदावर सही करणं म्हणजे काय, याचा विचार करा.

आता यात जात मिसळा. नव्या डॉक्टरला गावात पहिला प्रश्न, "साहेब, पूर्ण नाव काय तुमचं?" आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात. गावावरून कळलं नाही तर "घरी कोणता देव?" कळलं की चहाचा कप बदलतो. गाईच्या गर्भाशयात त्याचा हात चालतो, पण ओसरीवरच्या माठाला चालत नाही! आणि चूक झाली नसतानाही बोलणं कसं असतं? सवर्ण डॉक्टरच्या हातून जनावर गेलं तर "नशीब नव्हतं." आपल्या डॉक्टरच्या हातून गेलं तर "कोट्यातला हाये." बाई डॉक्टर असेल तर वर आणखी एक पायरी: "बाईच्यानं वळू आवरते का?" दवाखान्यात तिच्यासाठी संडासही नसतो, पण रात्रीच्या फोनला तिने यावं ही अपेक्षा असते.

कोणाचं जनावर मोजलं जातं?

30 सप्टेंबर 2024 रोजी महाराष्ट्र सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं. गोशाळांना देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये देण्याचा निर्णय झाला. आम्ही गाईला चारा देण्याच्या विरोधात नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे.

संविधानाचं कलम 48 उघडून वाचा. गोहत्याबंदीवाले या कलमाचा शेवट तेवढा पाठ म्हणतात. त्याची सुरुवात काय आहे? राज्याने शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने संघटित करण्याचा प्रयत्न करावा, ही आहे. 24 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ठाकूरदास भार्गव यांची ही दुरुस्ती बाबासाहेबांनी स्वीकारली. काहींना गोरक्षा मूलभूत हक्कात हवी होती. ती तिथे गेली नाही, मार्गदर्शक तत्त्वांत राहिली आणि 'आधुनिक, शास्त्रीय' या शब्दांसोबत राहिली. शास्त्रीय पशुसंवर्धन म्हणजे कोण? पशुवैद्यक, प्रयोगशाळा, लस, भरलेली पदं. सरकारने कलमाचा अर्धा भाग देवघरात नेला आणि उरलेला अर्धा रिकाम्या दवाखान्यात धूळ खात ठेवला.

आणि आपल्या वस्तीतलं जनावर कोणतं? शेळी. राज्यात एक कोटीच्या वर शेळ्या आहेत. भूमिहीन बाईचं एटीएम म्हणजे शेळी. पोराची फी, सासूचं आजारपण, सगळं तिच्यावर निघतं. पीपीआरची साथ आली तर आठ दिवसांत दावण रिकामी होते. लस आहे, पण ती वस्तीपर्यंत आणणारा माणूस नाही. शेळी कोणाची माता नाही, म्हणून तिच्यासाठी कोणी रस्ता अडवत नाही. पशुवैद्यकांच्या रिकाम्या पदांचा प्रश्न हा म्हणून फक्त नोकरदारांचा प्रश्न नाही. तो उत्तर नागपूरपासून भिवापूरपर्यंतच्या आपल्या आयाबहिणींच्या पोटाचा प्रश्न आहे.

मन मारणारा पेशा

ब्रिटनमध्ये 2010 च्या एका अभ्यासाने दाखवलं की तिथल्या पशुवैद्यकांत आत्महत्येचं प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे चौपट आहे. अमेरिकेत 1979 ते 2015 या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. पुरुष पशुवैद्यकांत ते प्रमाण 2.1 पट आणि स्त्रियांत 3.5 पट निघालं. तिकडे निदान मोजतात. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या अहवालात पशुवैद्यक असा रकानाच नाही. जो मोजला जात नाही तो मरतही नाही, असा हा कारभार.

कामातले धोके तर डोळ्यांसमोर आहेत. पिसाळलेलं कुत्रं, लाथ मारणारी म्हैस, गाभडलेल्या गाईतून माणसाला होणारा ब्रुसेलोसिस. 11 सप्टेंबर 2019 रोजी पंतप्रधानांनी 13,343 कोटींचा राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस टोचतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. धडपडणाऱ्या कालवडीने झटका दिला आणि सुई स्वतःच्या हातात गेली तर टोचणाराच आजारी पडू शकतो. महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी. हजारो कोटींच्या कार्यक्रमात टोचणाऱ्या हातासाठी चांगले मोजे, चष्मा आणि वर्षाला एक रक्ततपासणी बसत नाही का? 1962 वर फोन केला की येणाऱ्या फिरत्या पथकाचा उदोउदो होतो, पण त्या गाडीतल्या कंत्राटी डॉक्टरच्या नोकरीची हमी किती, हे कोणी विचारत नाही.

आणि आपल्या मुलांसाठी हे सगळं वसतिगृहापासून सुरू होतं. 2007 मध्ये थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधला जातिभेद कागदावर आणला. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. वैद्यकीय शिक्षणातला हा आजार माणसांच्या डॉक्टरांपुरता थांबतो आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिरत नाही, असं कोणी मानत असेल तर त्याने आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला जवळ बसवून विचारावं.

काही जण म्हणतील, "गट-अ चा अधिकारी आहे, राजपत्रित आहे, त्याच्यासाठी काय रडायचं?" आम्ही रडत नाही, हिशोब मागतो. आणि अधिकारी झाल्याने जात गळून पडत असती तर बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली असती. हो, पण त्या अधिकाऱ्यालाही आमचा एक सवाल आहे.

डॉक्टर साहेब, तुमच्या मागे कोण उभं आहे?

शवविच्छेदनाच्या वेळी डॉक्टर बोट दाखवतो, आणि सुरी कोणाच्या हातात असते? परिचराच्या. तो बहुधा कोणत्या समाजाचा असतो, हे आम्ही सांगायला नको. शहरात रस्त्यावर मेलेलं जनावर उचलायला ठेकेदाराची गाडी येते, तिच्यावर कोणाची पोरं असतात? हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं, रोजंदारीवर. म्हणजे 1927 मध्ये ज्याचा त्याग केला ते काम ठेकेदाराच्या पावतीवर परत आलं.

आपल्यातला मुलगा डॉक्टर होतो, आडनाव झाकतो, बावीस प्रतिज्ञा कपाटात ठेवतो आणि परिचराला "ए, इकडे ये" म्हणतो, तेव्हा त्याने व्यवस्था बदललेली नसते. तिच्यात फक्त एक पायरी वर चढलेला असतो. पशुवैद्यकाचा सन्मान व्रणोपचारक आणि परिचर यांना सोडून येऊ शकत नाही. आज पदवीवाले आणि पदविकावाले एकमेकांविरुद्ध निवेदनं देतात आणि सरकार दोघांची पदं रिकामी ठेवून मजा पाहतं. भांडण अधिकारांचं जरूर करा, पण रिकाम्या खुर्चीविरुद्ध आधी एकत्र या.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत:

1. पशुवैद्यकांची, पर्यवेक्षकांची, व्रणोपचारकांची आणि परिचरांची सगळी रिक्त पदं अनुशेषासह भरा. फिरत्या पथकातल्या कंत्राटी डॉक्टरांना समान कामाला समान वेतन द्या.

2. डॉक्टरपासून परिचरापर्यंत सगळ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस, दरवर्षी ब्रुसेलाची तपासणी आणि दर्जेदार संरक्षक साहित्य द्या. कामातून आजार झाला तर तो सेवेतला आजार माना.

3. मृत जनावरांची विल्हेवाट यंत्राने करा. 2013 चा हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा गटारापाशी थांबतो. मढ्यांच्या कामासाठीही तसाच कायदा करा. आणि लक्षात ठेवा, 2015 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला जनावराचं मढं ओढायला वा उचलायला लावणं हा ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. गावात असं घडलं तर गुन्हा नोंदवायला लावा.

4. पशुवैद्यक महाविद्यालयांत समान संधी कक्ष आणि समुपदेशन केंद्र सुरू करा. त्यात आपल्या समाजाचे प्रतिनिधी घ्या.

5. शेळी आणि कोंबडीच्या लसीकरणासाठी दलित-आदिवासी वस्त्यांत ठरलेला वार ठेवा.

हे सरकारसाठी. आपल्यासाठी तीन कामं. आजपासून 'ढोर डॉक्टर' हा शब्द आपल्या तोंडात येता कामा नये. प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातल्या पशुवैद्यकाला बुद्धविहारात बोलवावं, शेळीपालन करणाऱ्या बायांशी त्याची भेट घडवावी; वस्ती पाठीशी असली की पुढाऱ्याच्या फोनची भीती निम्मी होते. आणि ज्या घरातलं पोर या कॉलेजात गेलं असेल त्याला आठवड्यातून एक फोन करा, "मार्क किती पडले" हे नंतर विचारा, "जेवला का, कोणी काही बोललं का" हे आधी विचारा.

बुद्धाची करुणा माणसापाशी थांबत नाही, ती प्रत्येक जीवापर्यंत जाते. पण ज्याच्या हातून ती करुणा गोठ्यापर्यंत पोचते, त्या हाताला विटाळ मानणारा समाज जनावरावरही प्रेम करत नाही. तो फक्त पूजा करतो. पूजेला खर्च येत नाही. दवाखान्याला येतो. तो खर्च आम्ही मागतो आहोत, हक्काने.

जय भीम! जय संविधान!